माथेरानहून आलेला पियानो

आमच्याकडे उन्हाळा नसतो, सीझन असतो. चौक गावाच्या बाजूने माथेरानच्या पायथ्याला जी गावं आहेत, तिथल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, तुमचं लग्न कधी झालं, थोरला कधी जन्मला; तो महिना सांगणार नाही, तिथी तर नाहीच. "सीझन उठायच्या टायमाला," असं सांगेल. एप्रिल लागला की गावातले बाप्ये बोचकी बांधून डोंगर चढत. कुणी हॉटेलात वाढपी, कुणी आचाऱ्याच्या हाताखाली, कुणी हातरिक्षा ओढायला, कुणी घोड्यामागे. पाऊस पडेपर्यंत गावात उरायच्या बायका, थकलेली माणसं, कोंबड्या आणि करवंदं.

यंदाची करवंदं परवा आली. पुलाजवळ बसणारी ठाकरीण अजूनही पानाचा द्रोण करून देते. पहिलं करवंद चावलं, चीक ओठाला लागला आणि माझ्या कानात पियानो वाजायला लागला. लोकांना करवंदांवरून माहेर आठवतं, शाळेची सुट्टी आठवते. मला पियानो आठवतो. आता ह्याला काय करायचं?

खरं तर आठवायची गरजच नाही, तो आमच्या पडवीतच उभा आहे. नवा पाहुणा आला की आधी त्याला कपाट समजतो. त्याच्यावर दादाचा फोटो आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ यशवंत. तो जाऊन पाच वर्षं झाली. त्याची नात मैत्री सध्या सुट्टीला आली आहे. तिकडे शहरात गाणं शिकते, कीबोर्डवर बोटं छान चालतात. आल्या आल्या तिने पियानोचं झाकण उघडलं, चार पट्ट्या दाबल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्याआजी, हा पियानो खोटं बोलतो."

"म्हणजे गं?"

"दाबते एक, वाजतं भलतंच. सगळाच्या सगळा खाली आहे हा."

मी म्हटलं, "बाई, ह्या खोटारड्याने आम्हाला नाव दिलंय. जरा जपून बोल." पण पोरीचं खरं होतं, ते मलाही माहीत होतं. मग मुंबईहून पियानोचे सूर लावणारा माणूस बोलावला. तो येणार म्हणून तुकाराम सकाळपासूनच पडवीत येऊन बसला. तुकाराम आमच्या बँडचा ढोलकीवाला. गुडघे गेलेत, बोटं शाबूत आहेत, आणि जीभ तर पहिल्यापेक्षा तेज आहे.

हो, आमचा बँड होता. एक पियानो, एक ढोलकी, एक गिटार आणि एक मी. लोक आम्हाला 'पियानो पार्टी' म्हणत. पुढे शहरातल्या कुणी तरी त्याला रॉक म्हटलं, तेव्हा आम्हाला कळलं की आपण वाजवतो त्याला असंही नाव आहे. आमचे बा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, "गानं बरं हाय रं, पन ती पेटी आपटायची कशाला?"

सत्तरच्या दशकातल्या गोष्टी ह्या. दादा माथेरानच्या एका हॉटेलात वाढपी होता. तिथल्या हॉलमध्ये पियानो होता आणि शनिवारी साहेबलोकांचा नाच असायचा. वाजवायला गोव्याचे फ्रान्सिस मास्तर. दादा रिकाम्या कपबशा गोळा करता करता त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभा राहायचा आणि बोटं बघायचा. दुपारी पाहुणे झोपले की मास्तर त्याला बाकावर शेजारी बसवून घेत. लिहिलेलं संगीत दादाला कधीच वाचता आलं नाही. कुठलं बोट कुठल्या पट्टीवर, एवढंच तो शिकला. त्याच्या बोटांना घरं पाठ होती. गल्ली बदलली की ती चुकायची. तेच गाणं जरा वरच्या किंवा खालच्या सुरात वाजव म्हटलं तर त्याला यायचं नाही. हे लक्षात ठेवा, मी मात्र नीट लक्षात ठेवलं नव्हतं.

त्याचा डावा हात कुणी शिकवला नाही. तो माथेरानच्या घोड्यांनी शिकवला. लाल मातीच्या रस्त्यावर घोडा दुडक्या चालीने येतो, तो ठेका दादाने डाव्या हातात धरला आणि वर तुकारामची ढोलकी सोडली. एका सीझनला वर हॉटेलात गेले होते, तेव्हा ते पहिल्यांदा ऐकलं आणि माझे पाय आपोआप हलायला लागले. मी ते पदराखाली दाबून धरले.

कारण तेव्हा मी गाणं सोडलेलं होतं. लहानपणी भीमजयंतीला दर वर्षी मीच गायचे. चौदाव्या वर्षी विषमज्वर झाला. महिनाभर अंथरुणात होते. उठले ती जाडसर, खालचा गळा घेऊनच. त्या वर्षी जयंतीच्या स्टेजवर गाणं वर गेलं तिथे माझा आवाज फाटला. पहिल्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "बाप्याचा गळा झाला गं हिचा," आणि सगळे हसले. वाईट हेतू नसेल त्यांचा. त्या काळी बाईचा आवाज म्हणजे बासरीसारखा बारीक, रेडिओवर तसाच ऐकलेला. पण मी मिटले. पाच वर्षं भाकरी थापतानासुद्धा गुणगुणले नाही. दादा सुट्टीला आला की म्हणायचा, "शालू, गा की गं." मी उठून विहिरीवर जायचे.

मग हॉटेलचा मालक बदलला. नव्या मालकाने रेकॉर्ड प्लेअर आणला आणि पियानोच्या जागी त्याला टेबल टेनिस हवं होतं. मास्तर दादाला म्हणाले, घेऊन जा. दादा त्याच दिवशी डोंगर उतरून धापा टाकत घरी आला.

बा म्हणाले, "हितं मानसाला पाय पसरायला जागा नाय, आन् तू पेटी आनतोस?"

आई चुलीपाशी होती. ती मागे न बघताच म्हणाली, "आनू दे. आमी अंगनात झोपू." आणि खरंच ती चार वर्षं, पाऊस सोडला तर, अंगणात झोपली.

माथेरानात मोटार नाही, आणि झुकझुकगाडी उतरते ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. आमच्या बाजूने वर जायचं ते माणसाच्या खांद्यावर नाही तर घोड्याच्या पाठीवर, आणि खाली यायचं तेही तसंच. मास्तरांनी पियानोचं पोट उघडून आतल्या हातोड्यांचा सगळा संच काढला, तो गादीत गुंडाळून घोड्यावर चढवला. उरलेलं धूड बांबूंना बांधून आठ-आठ माणसांनी पायवाटेने उतरवलं. दोन दिवस लागले. वाटेत रात्री तो कातळावर एकटाच होता. सकाळी त्याच्यावर वानरं बसली होती म्हणे, पण हे तुकाराम सांगतो, तेव्हा निम्मं सोडून द्यावं.

मागोमाग फ्रान्सिस मास्तरही उतरले. दोन दिवस आमच्याकडे राहिले, आईच्या हातची सुकटीची चटणी मिटक्या मारत खाल्ली आणि दिवसभर लोखंडी चावी घेऊन पियानोत डोकं घालून बसले. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "बाय, जरा काय तरी गुणगुण. कान थकला माझा." एवढा म्हातारा माणूस, आपल्या पडवीत घाम गाळतोय, नाही कसं म्हणायचं? मी एक ओळ म्हटली. त्यांनी ती पुन्हा म्हणायला लावली. मग कप खाली ठेवून परत पियानोत शिरले. संध्याकाळी पुन्हा तेच.

ते गेल्यावर दादाने माझं जुनं जयंतीचं गाणं वाजवायला घेतलं. मी दारात उभी होते. कशी कोण जाणे, गायला लागले. वरची जागा आली, मी डोळे मिटले, आणि आवाज फाटला नाही. सहज गेला. जिन्याची वरची एक पायरी कुणी काढून टाकावी तसं वाटलं. मी धावत आईकडे गेले. "आय, माझा गळा परत आला गं."

आई म्हणाली, "येनारच. पाच वर्सं ज्येष्ठमधाचा काढा दिला तो काय उगाच?" त्यानंतर तिचा काढा वस्तीत एवढा गाजला की पडसं असो की पोटदुखी, बायका वाटी घेऊन आमच्या दारात.

आम्ही एकदम मोठे वगैरे झालो नाही. पहिला कार्यक्रम बुद्धपौर्णिमेला, दोन बैलगाड्या जोडून केलेल्या स्टेजवर. मग चौकातल्या एका गॅरेजच्या उद्घाटनाला. तिथे ट्रक ड्रायव्हरांनी तेच गाणं चार वेळा मागितलं आणि पुढे हायवेभर आमचं नाव तेच घेऊन गेले. कर्जतकडे दोन लग्नं मिळाली. खालच्या काही गावांत आमची वस्ती कुठली हे कळलं की निरोप यायचा, यंदा जमत नाय. तिसऱ्या वर्षी त्यांतल्याच एका गावाने गणपतीत बोलावलं. चहा आला तो आमचा वेगळ्या कपांतून आणि तुकारामचा पितळी पेल्यातून, कारण तो त्यांच्यातल्या शेतकरी घरातला. तुकारामने पेला खाली ठेवला, माझ्या हातातला कप घेऊन दोन घोट मारले आणि परत दिला. "साखर कमी हाय," एवढंच बोलला. पुढच्या वर्षी सगळ्यांना सारखे कप होते.

गिटारवाला वर्गीस रसायनीच्या कारखान्यातला. तो गिटारच्या तारा नेहमी सैल करून घ्यायचा. तुकारामही ढोलकी ढिली ठेवायचा आणि कुरकुरायचा, "सादळलेल्या पापडावानी वाजतंय ह्ये." मला वाटे, असेल त्यांची काही पद्धत. आमचा आवाज त्यामुळे एक प्रकारचा खोल झाला होता. संध्याकाळी डोंगराची सावली गावावर येते, तसा.

पियानो कुठेही न्यायचा तर टेंपोतून, गोधड्यांत गुंडाळून. प्रत्येक घराची एक गोधडी. कार्यक्रमाहून परत आलं की आम्ही घरोघरी गोधड्या परत करायचो आणि कुठल्या गावाला काय झालं ते सांगायचो. वस्ती अशी आमच्याबरोबर हिंडायची.

आणि मग तो सीझन आला. रसायनीच्या एका कॉलनीत वार्षिक कार्यक्रम होता. मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचे एक साहेब ऐकायला येणार होते. कॉलनीच्या सेक्रेटरीने कळवलं, आमच्या हॉलमध्ये उत्तम पियानो आहे, तुमचा आणायची तसदी नको. आम्ही सकाळी नुसतेच गेलो. पियानो खरंच उत्तम, आरशासारखा चकचकीत. तालीम सुरू झाली. मी गायले. वरची जागा आली आणि माझा गळा फाटला.

पुन्हा गायले, पुन्हा फाटला. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज भिंतीवर आपटून परत आला. चौदाव्या वर्षीची ती पहिली रांग मला समोर दिसायला लागली. मला कळलं, आजार परत आला, आणि ह्या वेळी मी उठणार नाही. आज गायले नाही तर ह्या जन्मात पुन्हा गाणार नाही. सेक्रेटरी सभ्य होता. हळू आवाजात दादाला म्हणाला, "आमच्या कॉलनीत एक मुलगी आहे, फार गोड गळा आहे. तिला दोन गाणी बसवू या का? साहेब एकदाच येणार आहेत."

मी दादाकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, हो म्हण. खरंच म्हटलं होतं.

दादाने पियानोचं झाकण लावलं. "तिच्या गळ्याला काय झालं नाय," तो म्हणाला. "माझीच बोटं ह्याच्यावर चालत नाय. मला आमचाच पियानो लागतो."

सेक्रेटरी हसला. "पियानो तो पियानो. वाजवणाऱ्याला कुठलाही चालतो."

"मला नाय चालत," दादा म्हणाला. "मी अडानी हाय."

मग पुढे येऊन सगळ्यांदेखत मला म्हणाला, "माझ्यामुळं तुझा सूर चुकला गं. आपला येऊ दे, मग बघ."

टेंपो घेऊन तुकाराम आणि मी गावाकडे निघालो. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम, आणि पोचलो तेव्हा दुपार टळत आलेली. गावात आलो तर बाप्या माणूस एक नाही. सीझन! सगळे डोंगरावर. दोन म्हातारे होते, त्यांतला एक झोपलेला. मी पडवीत मटकन बसले. आईने विचारलं, काय झालं. सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि वस्तीच्या मधोमध उभी राहून हाका मारल्या. अकरा जणी आल्या. कुणाच्या हाताला पापडाचं पीठ, कुणाचा केसांतला कंगवा तसाच.

"नवरदेवाला उचलतात तसा उचला गं," आई म्हणाली, "पन ह्यो जड हाय, खरा नवरदेव इतका कामाचा नसतो."

हसत, शिव्या देत, एकमेकींच्या पायावर पाय देत अकरा बायकांनी आणि तुकारामने तो टेंपोत चढवला. गोधड्या गुंडाळल्या. आणि पलीकडे उतरवायला कोण, असं म्हणून सगळ्याच्या सगळ्या टेंपोत चढल्या. हॉलच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा सेक्रेटरीचा चेहरा बघण्यासारखा होता. आईसकट त्या बारा जणी, पीठभरल्या हातांनी, शेवटच्या रांगेत बसून राहिल्या. त्या संध्याकाळी मी गायले ते त्या रांगेकडे बघून. वरची जागा आली आणि गेली, मला कळलंही नाही.

साहेब नंतर दादाला म्हणाले, "असा खोल आवाज ह्या बाईंच्या वयात ऐकला नव्हता. कुठे लपवून ठेवला होता?" दादा नुसता हसला.

रेकॉर्ड निघाली. धाब्यांवर वाजली, मग रेडिओवर. आईने रेडिओला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तेही बांना आवडत नाही म्हणून. पुणं झालं, नागपूर झालं, मुंबईची मोठी थिएटरं झाली. सगळीकडे तोच पियानो, त्याच गोधड्या. लोक म्हणत, काय हा तोरा, स्वतःचाच पियानो लागतो म्हणे. दादाला मुंबईतल्या मोठ्या वादकांच्या ताफ्यात बोलावणं आलं, एकदा नाही, तीनदा. दर वेळी त्याने सांगितलं, "मला दुसऱ्या पियानोवर येत नाय." लोक पाठीमागे हसायचे. मलाही कधी कधी त्याची लाज वाटायची, हे आज कबूल करते. पुढे वर्गीस आखातात गेला, मला शाळेत नोकरी लागली, लग्नांत नवी वाद्यं आली. पार्टी भांडणाशिवाय थांबली. अशा गोष्टी भांडणाशिवाय थांबणं हेही भाग्यच.

तर गेल्या आठवड्यात तो पियानो लावणारा आला. आत दिवा धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "वयाने पियानो उतरतो तो वेडावाकडा. हा सगळा सारखा खाली आहे, एक पूर्ण सूर. हा कुणी तरी हाताने उतरवलाय. जाणकार माणूस होता."

मी म्हटलं, "छे हो, डोंगरावरून आणला तेव्हा सैल झाला असेल."

तुकाराम भिंतीला टेकून बसला होता. करवंदाची बी थुंकून म्हणाला, "मास्तरनं उतरवला. यशवंतानं सांगितलं म्हून. तू गात व्हतीस आन् मास्तर तुझ्या गळ्याबरोबर तारा सोडत व्हता."

मी त्याच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"माझी ढोलकी काय हौसेनं सादळली व्हती? वर्गीसला ठाऊक व्हतं. तुझ्या आयला पन ठाऊक व्हतं."

"आईला? मग तो काढा?"

"काढा चांगलाच व्हता," तुकाराम म्हणाला. "पडशाला."

"मला का नाही सांगितलं रे कुणी?"

"काय सांगायचं? तुझा गळा चढत नाय म्हून आख्खा पियानो खाली आनला, आसं? तू परत गप झाली असतीस." मग गुडघा चोळत म्हणाला, "यशवंताला तेवढंच भ्याव व्हतं बघ."

मी फोटोकडे बघितलं. मुंबईला नाही म्हणणारा, सेक्रेटरीसमोर अडाणी म्हणवून घेणारा, माझा भाऊ. ज्याची मला लाज वाटली होती. मला रडू आलं आणि काढ्याचं आठवून हसूही आलं. मैत्री गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा तुकारामकडे बघत होती.

पियानो लावणाऱ्याने विचारलं, "मग काय करू? असाच ठेवायचा का?"

तुकारामला वाटलं असणार, मी हो म्हणेन. पण मैत्रीचा गळा बारीक आहे, वर वर धावणारा. ह्या पियानोवर तिची बोटं अडतात, मी ऐकलंय. एका पोरीच्या गळ्यासाठी तो खाली आला, आता दुसरीसाठी वर जाऊ दे. त्याचं कामच ते.

"चढवा," मी म्हटलं. "बुद्धपौर्णिमा झाली की. तेवढी एक ह्याच्यावर होऊ दे."

तो म्हणाला, तसंही तीन-चार खेपांत हळूहळू चढवावा लागेल, जुन्या तारा आहेत. मी म्हटलं, सावकाश होऊ द्या, सीझन अजून बराच आहे.

तो गेल्यावर संध्याकाळी मैत्री पियानोवर बसली. तुकारामने मांडीवर ठेका धरला. मी माझं जुनं गाणं म्हटलं. वरची जागा आली आणि आवाज फाटला. आता सत्तरीतला गळा, उतरवलेल्या त्या सुरातही पोचत नाही. मी थांबले. पहिल्या रांगेत कुणीच नव्हतं, तरी थांबले.

पोरीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने फक्त दोन्ही हात जरासे डावीकडे सरकवले, आणि तेच गाणं, खालच्या सुरात, पुन्हा सुरू केलं.